सिमेंट नाही, सळई नाही, तरी पडत कशी नाहीत? युरोपातल्या जुन्या चर्चांबद्दल जरा सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की लेकीकडे जर्मनीला गेलेले असताना कोलोनचं कॅथेड्रल बघितलं, मान दुखेपर्यंत वर बघत राहिलात आणि मनात आलं की सिमेंट नाही, सळई नाही, काँप्युटर नाही, तर १२४८ साली पाया घातलेली ही वास्तू पडत कशी नाही. दुसरं म्हणजे बाहेरून त्या ज्या अर्ध्या कमानी भिंतीला टेकवल्यासारख्या दिसतात त्या शोभेच्या की कामाच्या. आणि तिसरं, पुढच्या खेपेला पॅरिसला जाणार आहात तर जवळपास कुठलं चर्च बघावं. तिन्हींचं उत्तर एकमेकात गुंतलेलं आहे म्हणून सलगच लिहितो, लांबणार आहे.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, बावीस वर्षं जुन्या दगडी बांधकामांच्या दुरुस्तीत गेली, त्यातली सहा वर्षं इंग्लंडमध्ये चर्चांवर आणि बाकी सगळी इकडे वाडे, किल्ल्यांचे दरवाजे, मुंबईतल्या ब्रिटिशांच्या काळातल्या इमारती यांच्यावर. त्यामुळे धर्म आणि मूर्तिकलेबद्दल मी कमी बोलेन, दगड तोलला कसा जातो त्याबद्दल जास्त.

आधी कोलोनबद्दल एक दुरुस्ती. १२४८ ला सुरू झालं हे बरोबर, पण तुम्ही जे दोन प्रचंड मनोरे बघितलेत ते तेराव्या शतकातले नाहीत. पूर्वेकडचा भाग, जिथे मुख्य वेदी आहे, तो मध्ययुगातला. सोळाव्या शतकात पैसा आणि उत्साह दोन्ही आटले आणि काम बंद पडलं ते जवळजवळ तीनशे वर्षं, दक्षिणेकडच्या अर्धवट मनोऱ्यावर लाकडी क्रेन तशीच उभी, गावाच्या जुन्या चित्रांत ती क्रेन दिसते. मग १८१४ मध्ये समोरच्या दर्शनी बाजूचं मूळ मध्ययुगीन ड्रॉइंग सापडलं, दोन वर्षांनी त्याचा उरलेला भागही सापडला, १८४२ ला काम परत सुरू झालं आणि १८८० ला मनोरे पूर्ण झाले, १५७ मीटर. आपल्या मुंबईचं व्हीटी स्टेशन १८८८ चं, म्हणजे कोलोनचे मनोरे आणि व्हीटी जवळजवळ एकाच वयाचे. आणि छताच्या वरचा जो उतरता सांगाडा आहे तो एकोणिसाव्या शतकातला, चक्क लोखंडाचा. म्हणजे 'लोखंड नाही' हे तितकं खरं नाही, त्यावर पुढे येतोच.

आता मूळ मुद्दा. बहुतेकांना वाटतं की इतकं वजन म्हणजे खालचा दगड चिरडत कसा नाही. हिशोब करून बघा, साध्या बऱ्यापैकी वालुकाश्माची दाब सोसायची ताकद दर चौरस मीटरला ४००० टन धरू आणि त्याचं वजन घनमीटरला साधारण २.२ टन. म्हणजे एकावर एक दगड सरळ रचत गेलात तर तळाचा दगड फुटायला खांब १८०० मीटर उंच व्हायला लागेल! आपलं कळसूबाई शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर आहे. कोलोनचं आतलं छत ४३ मीटरवर. म्हणजे दगड दबून फुटेल ही भीती जवळजवळ नाहीच, ताकद हा प्रश्नच नाही, प्रश्न आहे तोलाचा. दगड दाबाला पहिलवान आहे पण ताणाला अगदी कच्चा. दाबा, हवं तितकं दाबा. वाकवायला किंवा ओढायला गेलात की तडा गेलाच.

म्हणूनच आपल्या हेमाडपंती देवळांत खांब एवढे जवळजवळ असतात. खांबावर दगडी तुळई आडवी टाकली की तिच्या खालच्या अंगाला ताण येतो, त्यामुळे दगडी तुळईने फार लांबचं अंतर पार करता येत नाही. आपल्या कारागिरांनी त्यावर थर थोडे थोडे आत सरकवत शिखर मिटवायची पद्धत काढली, आणि ती स्वतःच्या जागी अतिशय पक्की आहे. युरोपात रोमन लोकांकडून कमान आली आणि कमानीत ताण नाहीच, सगळे दगड एकमेकांना फक्त दाबतात, म्हणून अंतर वाढवता येतं. पण कमान फुकट काही देत नाही.

फुगडी आठवा. फुगडी घालताना दोघी मागे झुकतात, हात ताणलेले, सुटले तर दोघी पडणार. कमान म्हणजे याच्या बरोब्बर उलटं, दोघांनी समोरासमोर उभं राहून तळव्याला तळवा लावायचा आणि पाय मागे मागे नेत एकमेकांवर रेलायचं. हात दाबले जातात, ताणले जात नाहीत. पण फरशी गुळगुळीत असेल तर काय होतं, पाय मागे घसरतात. तोच कमानीचा रेटा, दोन्ही बाजूंना बाहेर जाणारा. तो कधी थांबत नाही, दिवसरात्र, शतकानुशतकं चालूच. त्या घसरणाऱ्या पायामागे कुणीतरी पाय रोवून उभं राहायला लागतं. युरोपातल्या चर्चांचा हजार वर्षांचा सगळा इतिहास म्हणजे माझ्या मते या एकाच कामाचा इतिहास आहे, पायामागे पाय कुणी आणि कसा रोवायचा.

सुरुवातीची ख्रिस्ती चर्चं या भानगडीत पडलीच नाहीत. रोमन साम्राज्यात ३१३ नंतर ख्रिस्ती लोकांना उघडपणे उपासना करता यायला लागली तेव्हा त्यांनी रोमन देवळाची नक्कल केली नाही, कारण देवळात लोक बाहेर उभे राहायचे. त्यांनी बॅसिलिका घेतली, म्हणजे कोर्टकचेरीचा आणि व्यापाराचा लांबलचक हॉल. मध्ये उंच दालन, दोन्ही बाजूला खांबांची रांग, त्यापलीकडे बुटक्या ओसऱ्या, टोकाला अर्धगोल कोनाडा. वर लाकडी छप्पर, हलकं, त्यामुळे रेटा नाही आणि भिंती पातळ चालतात. रोममधलं सांता सबीना हे पाचव्या शतकातलं चर्च अजून तसंच बघायला मिळतं आणि मला ते फार आवडतं, इतकं शांत चर्च क्वचितच असेल.

पण लाकडी छप्पर जळतं. मेणबत्त्या, वीज, लुटालूट, दर दोन-तीन पिढ्यांना आग. म्हणून अकराव्या शतकात मोठी चर्चं वरून दगडानेच झाकायची असं सुरू झालं, आणि रेटा आला. त्याला उत्तर होतं जाड भिंत. जर्मनीत श्पायर, साधारण १०३० ला सुरू झालेलं, तिथे आत गेलात की कळतं, भिंती किल्ल्यासारख्या, खिडक्या लहान, कमानी पूर्ण अर्धवर्तुळाकार. याला रोमनेस्क म्हणतात. तुम्हाला ओळखायचं असेल तर एवढंच बघा, कमान गोल, भिंत जाड, अंधार जास्त, म्हणजे रोमनेस्क. कमान टोकदार, भिंतीच्या जागी काच, म्हणजे गॉथिक. अपवाद आहेत पण दहातल्या आठ वेळा चालून जातं.

टोकदार कमानीमागचं कारण लोकांना वाटतं तसं 'देवाकडे बोट दाखवणारी' वगैरे फक्त नाही, त्यात दोन व्यवहारी फायदे आहेत. गोल कमानीची उंची तिच्या रुंदीने ठरते, रुंदीच्या निम्मी, संपलं. मग चौकोनी छताच्या चार बाजू वेगवेगळ्या लांबीच्या असल्या की कमानींचे माथे वेगवेगळ्या उंचीवर येतात आणि वरचं छत जुळवताना गवंड्याची परीक्षा. टोकदार कमान मात्र हवी तशी उंच-बुटकी करता येते, रुंदी काहीही असो, सगळे माथे एका पातळीत आणता येतात. दुसरं, कमान जितकी उंच तितका बाहेरचा रेटा कमी. रुंदी तीच ठेवून उंची दीडपट केली तर तेवढ्याच वजनाला रेटा साधारण दोन तृतीयांशावर येतो. तळवे लावून रेलण्याच्या खेळात पाय जवळ घेऊन ताठ उभं राहिलात तर कमी घसरतात, तेच हे.

इंग्लंडमधल्या डरहॅमला, १०९३ ते ११३३ मध्ये बांधलेल्या, हे घडताना दिसतं. खांब अजून रोमनेस्क, अगडबंब, पण वर छताला दगडी फासळ्या, म्हणजे छत तोलणाऱ्या बारीक दगडी कमानी, आणि मधल्या दालनाच्या आडव्या कमानी किंचित टोकदार. आणि रेटा घ्यायला बाजूच्या ओसरीच्या छपराखाली लपवलेल्या पाव वर्तुळाच्या कमानी. खालून दिसत नाहीत. तिथे छपराखाली वाकून जायला लागलं तेव्हा त्या मी पहिल्यांदा बघितल्या, हात लावून बघितल्या, आणि खरं सांगतो अंगावर काटा आला, कारण पुढच्या दोनशे वर्षांचं बीज तिथे अंधारात बसलेलं आहे.

मग पॅरिसजवळच्या सेंट-डेनिसच्या मठात सुजे नावाच्या मठाधिपतीने पूर्वेचा भाग नव्याने बांधून घेतला, ११ जून ११४४ ला त्याचं अर्पण झालं, आणि तिथे टोकदार कमान, फासळ्या आणि मोठ्या रंगीत काचा हे सगळं एकत्र आलं. गॉथिकची सुरुवात म्हणून तेच सांगतात. त्यानंतर फ्रान्समध्ये जणू उंचीचं वेडच लागलं. पॅरिसचं नोत्र दाम ११६३ ला सुरू, छत ३३ मीटर. शार्त्रचं जुनं चर्च ११९४ च्या आगीत गेलं, नवीन बांधलं ते ३६ मीटरच्या पुढे. रँस ३८, आमियाँ ४२. प्रत्येक गावाला शेजारच्या गावापेक्षा वर जायचं होतं.

आता तुमच्या अर्ध्या कमानी, फ्लाइंग बट्रेस. भिंतीत मोठ्या खिडक्या हव्यात, म्हणजे भिंत जाड ठेवता येत नाही, पण छताचा रेटा तर आहे. मग भिंतीपासून दूर, ओसरीच्या बाहेर एक जाडजूड दगडी बुरूज उभा करायचा आणि तिथून अर्धी कमान हवेतून भिंतीकडे टाकायची, बरोब्बर जिथे छताचा रेटा बाहेर येतो त्या जागी. दहीहंडीत खालच्या थराला बाहेरून गोलात लोक पाठीला हात लावून आत रेटत असतात ना, तेच. त्या कमानी शोभेच्या अजिबात नाहीत, त्या काढल्या तर इमारत बसेल. वर जी टोकदार दगडी शिखरं दिसतात त्यांनाही काम आहे, त्यांच्या वजनाने आडवा रेटा खालच्या दिशेला वळायला मदत होते आणि बुरुजाचा माथा सरकत नाही. आणि बऱ्याच ठिकाणी फ्लाइंग बट्रेसच्या पाठीवरून पन्हळ काढलेली असते, छताचं पावसाचं पाणी त्यातून येतं आणि टोकाला त्या भेसूर तोंडाच्या प्राण्याच्या घशातून भिंतीपासून लांब पडतं. तो गार्गॉयल म्हणजे मुळात पाणी फेकायची नळी. नोत्र दामच्या मनोऱ्यावर गालाला हात लावून बसलेला जो प्रसिद्ध राक्षस फोटोत दिसतो तो मात्र पाणी फेकत नाही, आणि तो मध्ययुगातला पण नाही, एकोणिसाव्या शतकात व्हिओले-ल-द्युक या आर्किटेक्टने केलेल्या दुरुस्तीतला आहे.

हे सगळं गणिताशिवाय कसं जमलं, असं लोक नेहमी विचारतात. त्यांच्याकडे भूमिती होती, परकार आणि दोरी. यॉर्क आणि वेल्सच्या कॅथेड्रलांत अजून ती जमीन राखलेली आहे जिथे मुख्य गवंडी खिडकीचा पूर्ण आकाराचा नकाशा गिलाव्यावर कोरायचा, त्यावरून सुतार फळीचे साचे कापणार आणि पाथरवट साच्याबरहुकूम दगड घडवणार. कमान बांधताना खाली लाकडाचं सेंट्रिंग, आपल्या साइटवर म्हणतात तेच, आणि शेवटचा मधला दगड बसून चुना धरला की सेंट्रिंग हळूच उतरवायचं. साखळीचं तत्त्व लिहून ठेवलं ते खूप नंतर, रॉबर्ट हूकने १६७५ च्या सुमारास: दोन टोकं धरून साखळी सैल सोडा, ती जो आकार घेते तो उलटा करा, तीच उभी राहणारी कमान. म्हणजे शास्त्र लिहिलं गेलं तोवर चर्चं पाचशे वर्षं उभी होती. १७४३ मध्ये रोमच्या सेंट पीटरच्या घुमटाला तडे गेले तेव्हा पोलेनी नावाच्या प्राध्यापकाने खरोखर वजनं लावलेली साखळी टांगून तपासलं की घुमटाच्या जाडीत तो आकार बसतो का. बसत होता. तरी खबरदारी म्हणून घुमटाभोवती लोखंडी कडी ठोकली. आजही मी कमान तपासतो तेव्हा कॉम्प्युटरवर शेवटी हेच बघतो, ती उलटी साखळी दगडाच्या जाडीत बसते की बाहेर जाते. आकार बरोबर असेल तर तडा गेला तरी कमान उभी राहते, आणि जवळजवळ प्रत्येक जुन्या कमानीला तडा असतोच. तडा बघून घाबरायचं नाही, तो वाढतोय का ते बघायचं.

कामात माणसं जायची. कँटरबरीला ११७४ ला आग लागली, दुरुस्तीला फ्रान्समधून सॉन्सचा विल्यम म्हणून मोठा गवंडी बोलावला, चार-पाच वर्षांनी उंच छतासाठी तयारी करताना परांचीवरून खाली पडला आणि जायबंदी झाला. तिथल्याच जर्व्हेस नावाच्या साधूने हे सगळं लिहून ठेवलंय. विल्यमने काही दिवस अंथरुणावरून सूचना दिल्या, मग नाइलाजाने मायदेशी गेला आणि काम दुसऱ्या विल्यमने, इंग्रजाने, पूर्ण केलं. मी परांचीवर चढायच्या आधी या माणसाची आठवण काढतो, आणि नवीन मुलांना सेफ्टी बेल्ट लावायला सांगताना त्याचीच गोष्ट सांगतो.

लोखंडाचं म्हणाल तर त्यांनी ते वापरलं, गरज पडेल तिथे आणि थोडं. नोत्र दाम २०१९ ला जळल्यावर आतले थर उघडे पडले तेव्हा संशोधकांना दगड एकमेकांना जखडणारे लोखंडी आकडे सापडले, ११६० च्या दशकातले, अगदी सुरुवातीच्या कामातले. आमियाँला खांब बाहेर फाकायला लागले तेव्हा १४९७ मध्ये मधल्या सज्जाच्या पातळीवर अख्ख्या चर्चला लोखंडी साखळीने आवळलं, ती साखळी अजून आहे. लोखंड म्हणजे तिथे कंबरपट्टा, हाडं नव्हेत.

आणि पडत नाहीत असं कुणी सांगितलं? पडली की! जी पडली ती तुम्हाला दिसत नाहीत म्हणून वाटतं सगळी टिकली. यॉर्कचा मधला मनोरा १४०७ ला कोसळला, ईलीचा १३२२ ला, आणि ईलीत त्या भगदाडावर सुतारांनी लाकडाचा जो अष्टकोनी 'दिवा', म्हणजे आत उजेड सोडणारा खिडक्यांचा मनोरा, उभारला तो आज जगातल्या सुंदर लाकूडकामांपैकी एक आहे. पण पडण्याची खरी कहाणी बोव्हेची. पॅरिसच्या उत्तरेला. १२२५ ला सुरू केलं, ठरवलं की आमियाँपेक्षा उंच करायचं, १२७२ पर्यंत पूर्वेकडचा भाग झाला, आतलं छत ४८ मीटर, गॉथिकमध्ये त्याहून उंच छत दुसरं नाही. बारा वर्षं टिकलं आणि १२८४ ला छताचा मोठा भाग खाली आला. कारणांवर अजून वाद आहेत, खांब लांब लांब होते, बाहेरच्या टेकूंचे मधले बुरूज खालच्या आधाराच्या जरा बाहेर येऊन उभे होते, वारा. माझा कल त्या बाहेर आलेल्या बुरुजांकडे आहे, पण पैज लावणार नाही. लोकांनी काय केलं, दोन खांबांच्या मध्ये आणखी एकेक खांब घातला आणि तेवढ्याच उंचीवर छत परत बांधलं, उंची एक मीटरनेही कमी केली नाही.

एवढ्यावर थांबले नाहीत. सोळाव्या शतकात क्रूसाच्या आकाराच्या चर्चचे दोन बाजूंचे आडवे हात बांधून झाल्यावर पश्चिमेकडचं लांब दालन बांधायचं सोडून त्यांनी आधी मध्यावर मनोरा चढवला, १५६९ ला पूर्ण, १५३ मीटर. तीन बाजूंनी आधार, चौथ्या बाजूला काही नाही. आपल्याकडे साइटवरचा कुठलाही जुना गवंडी सांगेल की हे चालायचं नाही. ३० एप्रिल १५७३, सणाचा दिवस, मिरवणूक नुकतीच बाहेर पडली होती आणि मनोरा कोसळला. त्यानंतर पैसे संपले, लांब दालन कधीच झालं नाही. आज बोव्हेचं चर्च म्हणजे नुसतं डोकं आणि खांदे, धड नाही, आणि जिथे धड असायला हवं होतं तिथे दहाव्या शतकातलं जुनं बुटकं चर्च अजून उभं आहे, तेच पाडून पुढे जायचं होतं. आत आजही लाकडाचे आणि स्टीलचे टेकू दिसतात.

पायाची गोष्ट तर सांगायलाच हवी, कारण ती मला सगळ्यात जवळची आहे. विंचेस्टरचं कॅथेड्रल, इंग्लंड, सुरुवात १०७९. त्याचा पूर्वेकडचा भाग तेराव्या शतकात दलदलीवर बांधला, बीच झाडाच्या ओंडक्यांचा तराफा करून त्यावर. सातशे वर्षांत ते ओंडके आणि खालचा मऊ थर दबला, भिंती बाहेर कलल्या, १९०५ च्या सुमाराला तडे इतके रुंद झाले की दगडाचे तुकडे पडायला लागले. खड्डे खणले तर लगेच पाण्याने भरायचे, पंपाने उपसावं तर बाजूची माती ओढली जाऊन भिंत आणखी बसणार. म्हणून इंजिनिअर फ्रान्सिस फॉक्सने पाणबुड्या आणला, विल्यम वॉकर. १९०६ ते १९११, रोज साधारण सहा तास, तो जड पोशाख आणि शिशाच्या बुटांसह खड्ड्यात उतरायचा, सहा मीटरपर्यंत खोल, पाणी इतकं गढूळ की दिवा उपयोगाचा नाही, सगळं हाताने चाचपून. मऊ थर काढायचा, सिमेंट काँक्रीटच्या गोण्या रचायच्या, फाडायच्या, तळ बंद झाला की वरून पाणी उपसायचं आणि मग गवंडी कोरड्यात विटा चढवणार. पंचवीस हजारांवर गोण्या, लाखावर काँक्रीटचे ठोकळे, नऊ लाख विटा. एका माणसाने हाताने चाचपून ते चर्च वाचवलं असं म्हटलं तर अतिशयोक्ती फार होत नाही. काम संपल्यावर दक्षिणेच्या भिंतीला बाहेरून नवीन बट्रेसही बांधले, म्हणजे परत तेच, पायामागे पाय. वॉकर १९१८ च्या साथीत गेला. तिथे गेलात तर त्याचा छोटा पुतळा आहे, नक्की बघा.

आता चुन्याबद्दल, कारण इकडे माझं रोजचं भांडण याच्यावरून असतं. ही चर्चं चुन्यात बांधलेली आहेत आणि चुना मऊ असतो, हळूहळू धरतो, त्यामुळे इमारत पहिल्या काही वर्षांत बसते तेव्हा दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, थोड्या हलतात पण दगड फुटत नाही. बारीक भेग पडली तर पाण्यात विरघळलेला चुनाच त्या भेगेत परत जमून ती थोडीफार भरतो. आणि भिंतीतली ओल दर्जेतून बाहेर पडते. सिमेंटने दर्जा भरल्या की ओल अडकते, मग ती दगडातून बाहेर येते आणि दगडाचा चेहरा पापुद्र्यासारखा सुटतो. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकात असं सिमेंट भरपूर भरलं आणि माझी सहा वर्षांतली निम्मी कामं ते सिमेंट छिन्नीने हळूहळू काढायचीच होती. इकडे एका वाड्याला 'मजबुतीसाठी' सिमेंटचा गिलावा केलेला मी चार वर्षांनी बघितला, आतला दगड ओलाचिंब. आपल्याकडे घाणीत, म्हणजे दगडी चाकाच्या चक्कीत, मळलेला चुना, गूळ, हिरडा, बेलफळ ही परंपरा आहे, कारागीर अजून आहेत, कृपा करून त्यांना काम द्या.

लक्ष दिलं नाही तर काय होतं ते बघायला युरोपात जायची पण गरज नाही. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनचा मनोरा आहे. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद करून साधूंना घालवलं, चर्च ओस पडलं, आणि १८४२ ला छत कोसळलं. सात वर्षं, फक्त सात! पाणी आत गेलं, झाडं रुजली, मुळांनी दगड उचलले. १९३१ ला दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा गेला. आज ४६ मीटरचा तो एकटा सुळका उभा आहे.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं खरं उत्तर असं की आकार बरोबर आहे म्हणून ती उभी राहतात, पण आठशे वर्षं उभी राहतात ती कुणीतरी सतत वर चढून पन्हळी साफ करतं, शिशाचा पत्रा बदलतं, झिजलेला दगड काढून नवा बसवतं म्हणून. स्ट्रासबूर्गला यासाठीची संस्था तेराव्या शतकापासून अखंड चालू आहे, तिचे स्वतःचे पाथरवट, सुतार, लोहार. कोलोनलाही चर्चची स्वतःची कार्यशाळा आहे, तुम्ही बघितलं असेल कुठे ना कुठे परांची लागलेलीच असते, पर्यटक फोटो बिघडला म्हणून नाराज होतात, मला ती परांची दिसली की बरं वाटतं. २०२० मध्ये युनेस्कोने या कार्यशाळांच्या परंपरेची दखल घेऊन ती जतनाचं चांगलं उदाहरण म्हणून नोंदवली.

नोत्र दामची आग तुम्ही टीव्हीवर बघितली असेल, १५ एप्रिल २०१९. ओकच्या तुळयांचं छप्पर गेलं, व्हिओले-ल-द्युकचा टोकदार मनोरा जळून खाली कोसळला. तरी दगडी छत बहुतांशी टिकलं, तीन ठिकाणी भगदाडं पडली. दगडी छत मुळात घातलं गेलं ते याचसाठी, वरची आग खाली येऊ नये म्हणून, आणि साडेआठशे वर्षांनी त्याने नेमकं ते काम केलं. पण दुसऱ्या दिवसापासून इंजिनिअरांच्या पोटात गोळा होता तो वेगळ्याच गोष्टीचा. छत बाहेर रेटतं, फ्लाइंग बट्रेस आत रेटतात, दोघे एकमेकांच्या जिवावर. छत आणखी पडलं असतं तर बट्रेसनीच भिंत आत ढकलली असती! म्हणून प्रत्येक बट्रेसखाली लाकडाचं सेंट्रिंग बसवून त्यांचा जोर आधी काढून घेतला, मग बाकीचं काम. छप्पर परत ओकचंच केलं, मनोरा आणि छप्पर मिळून साधारण दोन हजार झाडं, बऱ्याच तुळया कुऱ्हाडीने तासून, जुन्या पद्धतीने. डिसेंबर २०२४ ला उघडलं. स्टीलचं करा, काचेचं करा अशा सूचना खूप आल्या होत्या, मला वाटतं ओक निवडला ते योग्य झालं, कारण त्यामुळे तरुण सुतारांची एक अख्खी फळी ते काम शिकली आणि पुढच्या दुरुस्तीला ती माणसं असतील.

तर पॅरिसला गेलात की नोत्र दाम होईलच, पण मागच्या बाजूला नदीकाठी जाऊन बट्रेस बघा, समोरून ते कळत नाहीत. काचा बघायच्या तर शार्त्र, तिथे बहुतेक काचा अजून मूळच्या बाराव्या-तेराव्या शतकातल्या आहेत, उन्हाच्या दिवशी सकाळी जा, आणि आत गेल्यावर दहा मिनिटं नुसते बसा, डोळे अंधाराला सरावले की निळा रंग उतरायला लागतो. एकच दिवस जास्तीचा असेल तर मात्र मी सांगेन बोव्हेला जा, गार द्यु नॉरवरून ट्रेनने साधारण सव्वा तास. आत शिरल्यावर मध्यावर उभे राहून आधी वर ४८ मीटरकडे बघा, मग दोन मूळ खांबांच्या मध्ये नंतर घुसवलेला खांब शोधा, कमानी अचानक अरुंद झालेल्या दिसतील, आणि मग पाठ वळवून पश्चिमेची भिंत बघा, जिथे चर्च एकदम संपतं. बाहेर आलात की त्या भिंतीला लागूनच दहाव्या शतकातलं बुटकं चर्च आहे, त्याला लाकडी छप्पर आहे.